तीन नंबरच्या तेलातलं पाणी

भाऊजी, आज सकाळी महादेव घाटावर तुमचं दहावं झालं. पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा येऊन शिवला. सगळ्यांनी हात जोडले. माणूस तृप्त गेला म्हणाले, मागं काही राहिलं नाही म्हणाले. तुमचं राहिलं नसेल. माझं राहिलं आहे, पण ते कावळ्याले कोण विचारते.

घाटावरच आपल्या मराठी मंडळाच्या लोकांनी मले बाजूले घेतलं. तू त्यांचा मेव्हणा, शिवाय बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, दोन पानं लिहून दे, अंकात छापू, म्हणे. मी मान हलवली. आता कागद घेऊन बसलो तर चांगलं काही सुचून नाही राहिलं. तुम्ही कुठं जन्मले, सिलतऱ्याच्या रोलिंग मिलमध्ये कधी लागले, तिथून बोटींच्या शेडमध्ये कधी आले, स्वभावानं किती मनमिळाऊ होते, हे दुसरा कोणी लिहील. मनमिळाऊ हा शब्द तुमच्या नावापुढं वाचला तर ताईलेही हसू येईल. मले तुमच्यासंगं भांडाचं आहे. ते भांडण अर्धं सोडून तुम्ही निघून गेले.

भांडण कशाचं, तर तीन नंबरच्या तेलातल्या पाण्याचं. ज्याले बोटीतलं काही समजत नाही त्याच्यासाठी चार ओळी लिहितो, तुम्ही दम धरा. नवा रायपुरच्या तलावावर आमच्या शेडच्या सात-आठ बोटी चालतात. बाकीच्या साध्या, तीन नंबर तेवढी मोठी स्पीडबोट. तिचं इंजिन आत, आणि मागं पाण्यात एक पाय लोंबते, त्याच्या टोकाले पंखा फिरते. त्याले आम्ही लेग म्हणतो. लेगमध्ये गिअर असतात, गिअर तेलात बुडाले असतात, आणि त्या तेलाची एक पांढरी प्लास्टिकची बाटली वर इंजिनाजवळ बसवली असते. लेगमधलं तेल कमी झालं की बाटलीतून नळीनं खाली उतरते. हे तेल मधासारखं पाहिजे. त्यात पाणी शिरलं की ते दुधासारखं होते, आणि त्या दुधात गिअर चालवत राहिलं तर दात खाऊन टाकते. म्हणून आधी पाणी आहे का ते पाहाचं, आणि आहे तर कुठून आलं ते शोधाचं. पहिलं काम तुम्हाले येत होतं. दुसऱ्याच्या वाटेले तुम्ही कधी गेले नाही.

पाणी ओळखाची तुमची रीत मिलमधली. तिथं तापलेल्या प्लेटीवर गिअरबॉक्सच्या तेलाचा थेंब टाकाचे. तडतडला तर पाणी आहे, गपचूप पसरून धूर सोडला तर तेल चांगलं. तात्यापाऱ्यातल्या घरी त्यासाठी तुम्ही ताईचा पोळ्यांचा तवा उचलला. तिनं दोन दिवस अबोला धरला. मग तो तवा जुन्या स्टोव्हसंगं मागच्या व्हरांड्यात गेला आणि ताईनं स्वयंपाकाले नवा आणला. तुम्ही शेडमधून शिशीत तेल आणाचं, व्हरांड्यात उकिडवं बसून थेंब टाकाचा, आणि आतून ताईनं विचाराचं, कशाले फोडणी देऊन राहिले? तुम्हा दोघांचा एवढा एकच विनोद होता. बारा वर्षं मी तो ऐकला, आणि खोटं कशाले बोलू, मले तो आवडाचा.

रीत खोटी नव्हती, हे मी आजही म्हणतो. पण तवा एवढंच सांगते की पाणी आहे. पुढचं तुम्हाले शोधाले लागते. तेल काचेच्या बाटलीत ठेवून पाहा, नुसती हवा घुसळली गेली असेल तर तासाभरात निवळते. पंखा काढून पाहा, मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याचा नायलॉन दोरा शाफ्टले गुंडाळला की तो पाणी अडवणारं सील कापते. लेगमध्ये पंपानं हवा भरून काटा पाहा, काटा पडला तर कुठंतरी भोक आहे. हे सगळं मी तुम्हाले दहादा सांगतलं. तुम्ही म्हणाचे, तुझं किताबी ज्ञान तुझ्यापाशी ठेव, माझा तवा मले पुरे.

उपकार विसरलो असं म्हणू नका. बाबा गेले तेव्हा मी गोंदियात आयटीआय करून रिकामा बसलो होतो. तुम्ही आले, माझी पेटी उचलली आणि ताईले न विचारता मले रायपुरले घेऊन आले. दोन खोल्यांत माझी खाट टाकली. पेचकसाचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाले लावून मशीनच्या पोटातला आवाज ऐकाले तुम्हीच शिकवलं. माझ्या हातात जे काही आहे ते तुमचं आहे. म्हणूनच तर एवढं लागलं.

तीन नंबर दोन वर्षांआधी आली. त्याच वर्षी, विश्वकर्मा पूजेच्या, म्हणजे इकडं यंत्रं पूजतात त्या दिवसाच्या, चार दिवसांनंतर, तिच्या बाटलीतलं तेल लाइनीच्या वर चढलं. मीच पाहिलं आणि मीच तुम्हाले सांगतलं. खालून पाणी घुसून तेलाले वर ढकलून राहिलं, असं आपण दोघं एकदमच म्हणालो. तुम्ही घरी जाऊन थेंब टाकला, तडतडला. दुसऱ्या दिवशी बोट रॅम्पवर ओढली. आता पूजेच्या आठ दिवस आधी लेगचं तेल मी बदललं होतं. लेगच्या तळाले एक स्क्रू असते. तो काढून जुनं तेल सोडाचं, नवं भराचं, आणि स्क्रू परत लावताना त्याले नवं वायसर घालाचं. नखाएवढी चकती, पण ती नसली तर तिथून पाणी आत जाते.

तुम्ही सगळ्यांसमोर खाली बसले. स्क्रू काढला, दूध घमेल्यात पडाले लागलं. तुम्ही स्क्रू उजेडात धरला. स्क्रूवर वायसर नव्हतं. मी म्हटलं, भोकाच्या काठाले चिकटून राहिलं असेल, नेहमी होते, एकदा वाकून पाहा. तुम्ही वाकले नाही. चिंधी घेऊन भोक पुसलं. मी घमेल्यात हात घातला, दुधात चाचपलं, आणि वायसर काढून तुमच्यासमोर धरलं. तुमच्या चिंधीनंच पडलं होतं ते. आठ माणसं उभी होती. शेडचे साहेब उभे होते. आणि तुम्ही म्हणाले, "आत्ता टाकलं ह्यानं, खिशातून."

मी हसलो होतो, आठवते? मले वाटलं गंमत करून राहिले. मग तुमचा चेहरा पाहिला.

चुकलास म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. कामात चुका होतात, तुमच्या हाताखाली मी पन्नास केल्या आणि पन्नास शिव्या खाल्ल्या, एकीचाही राग नाही. तुम्ही मले खोटारडा म्हणाले. तेही अशा माणसांसमोर, ज्यांच्यासंगं मले रोज डबा खाचा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी वायसर भैया झालो. तिकिटाच्या खिडकीवरचा ईश्वर आधी हळूच म्हणे, मग मोठ्यानं, मग सगळेच. साहेबांनी मले लेगवरून काढून लाइफ जॅकेटच्या काउंटरवर बसवलं. दोन वर्षं लोकांच्या पोटाले पट्टे बांधले. हात वर करा, श्वास सोडा, पुढं चला. तुम्ही वीस पावलांवर माझ्या मशीनजवळ बसाचे आणि चहाच्या वेळी मले आवाज द्याचे, जसं काही झालंच नाही. मी येत होतो, हीच मोठी चूक झाली. एक दिवस चहा तुमच्या पायाजवळ ओतून परत गेलो असतो तर बरं झालं असतं.

आणि मागच्या वर्षी? मागच्या वर्षी लेगचं तेल तुम्ही स्वतः बदललं. स्क्रूले माझा हात नाही, वायसरले माझा हात नाही. पूजा झाली, पाच-सहा दिवस गेले, आणि शेडमागं मले एक डबा दिसला, वर पोतं टाकलेलं. आत दूध. मी तो डबा उचलून तुमच्यासमोर आणून ठेवला आणि विचारलं, हे काय आहे? तुम्ही म्हणाले, दव धरलं असेल, पावसाळी दिवस आहेत. डबाभर दव. एवढं बोलून तुम्ही पाना शोधाले लागले, आणि पाना तुमच्या हातातच होता.

मी म्हटलं, मग आता सगळ्यांले सांगून टाका, की वायसरचा काही संबंध नव्हता.

तुम्ही म्हणाले, "जाऊ दे न. जुनं काहून उकरते?"

तुमच्यासाठी जुनं असेल. माझ्यासाठी ते रोज सकाळी नवं होतं, ईश्वर खिडकी उघडाचा तेव्हा.

तलाव सोमवारी बंद असते. एका सोमवारी मी तुमच्याकडून चाबी घेतली आणि काय ते एकदाचं पाहाले बसलो. पंखा काढला, शाफ्टवर दोरा नाही. सायकलच्या पंपाले गेज जोडून लेगमध्ये हवा भरली. अर्धा तास काटा उभाच. साबणाचं पाणी फिरवलं, एक बुडबुडा नाही. मग हवा उलटी ओढून पाहिली, तरी काटा हलला नाही. लेगले कुठंच भोक नव्हतं. भोक नाही तर पाणी आत जाणार कसं, आणि पाणी तर होतं. त्या दिवशी मले रडू आलं, भाऊजी. निर्दोष आहे हे मले माहीत होतं, पण दोष कुठं आहे हे दाखवल्याशिवाय माझं कोण ऐकणार होतं? तुम्ही दाराशी उभे राहून पाहून राहिले होते. जवळ आले नाही. काटा कुठं थांबला, एवढंही विचारलं नाही.

मग ह्या भादव्यात तुम्ही आजारी पडले. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी ताई कपडे आणाले घरी गेली होती, आपण दोघंच होतो. तुम्ही डोळे उघडले आणि मले जवळ बोलावलं. मी खुर्ची ओढली. वाटलं, आता म्हणतात. मी तर उत्तरही तयार ठेवलं होतं, की राहू द्या भाऊजी, झालं ते झालं. तुम्ही म्हणाले, "पूजा झाली की तीन नंबरचं तेल बदलून टाकजो." आणि डोळे मिटले. संध्याकाळी तुम्ही गेले. माझं ते तयार उत्तर माझ्यापाशीच पडून राहिलं.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. तीन नंबरसाठी बाहेरून माणूस आणू म्हणाले. मी म्हटलं, मी आहे न. ते म्हणाले, तुला तर तुझ्या उस्तादानंच लेगवरून हटवलं होतं, मी कसा बसवू? मी एकच गोष्ट मागितली. तेलात पाणी कुठून येते ते पूजेच्या दिवसापर्यंत शोधून दिलं तर लेग माझा. नाही तर जन्मभर पट्टे बांधीन, तोंड उघडणार नाही. साहेब हव म्हणाले. चार दिवस होते हातात. तीन दिवस मी परत लेगखाली पाठीवर झोपून काढले, आणि परत काही सापडलं नाही.

पूजेच्या आदल्या दिवशी ताईनं घरी बोलावलं. दरवर्षी तुम्ही दोघं सगळ्यांच्या आधी शेडमध्ये जाचे आणि आम्ही येईपर्यंत पूजा मांडून तयार असाची, एवढं मले माहीत होतं. ह्या वर्षी तिले सुतक. मेव्हण्याले तुमचं सुतक नाही, म्हणून पूजा माझ्याकडं आली. ताई देवघराच्या दाराबाहेर उभी राहिली, आत पाय टाकला नाही, आणि बोटानं दाखवत गेली. ते पंचपात्र घे. ती पळी घे, गोल बाजारातून आणलेली. राजिमच्या संगमाच्या पाण्याची बाटली घे. मी हात लावत नाही, तूच घे. मग म्हणाली, "आणि तीन नंबरच्या तोंडात अकरा पळ्या तीर्थ सोडजो. ते कधी विसरले नाही."

मी विचारलं, कोणत्या तोंडात?

"ती पांढरी बाटली नाही का इंजिनाजवळ, तिचं टोपण काढून. एकेक नाव घेऊन सोडाचे. मी ताम्हन धरून उभी राहाची न बाजूले."

मी देवघरातच खाली बसलो.

बाकीचंही ताईनंच सांगतलं, आपण काय सांगून राहिलो ते तिले माहीत नसताना. तुमचे बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते, तेव्हापासूनची घरची रीत. यंत्राच्या तोंडात तीर्थ गेलं नाही तर पूजा वरवरची राहते. मिलमध्ये तुम्ही सगळी नोकरी हेच केलं. तिथल्या गिअरबॉक्समध्ये ड्रमनं तेल, आणि तेही तापलेलं. अकरा पळ्या पाणी त्यात कुठल्या कुठं उडून जाचं, कोणाले पत्ता लागाचा नाही. तीन नंबरमध्ये बाटलीसकट तेल किती, तर दोन-अडीच लिटर. त्यात अकरा पळ्या. पाणी जड, ते नळीतून सरळ लेगमध्ये उतरलं, गिअरनं घुसळलं, दूध झालं. बाटलीतलं तेल लाइनीच्या वर चढलं, ते तुम्ही वरून ओतलं म्हणून चढलं. खालून कोणी ढकलत नव्हतं.

मी दोन वर्षं लेगच्या खाली भोक शोधून राहिलो आणि टोपणाकडं एकदाही पाहिलं नाही. बोट पाण्यात असते म्हणून पाणी खालूनच येणार, असं मीही धरून बसलो होतो. माझं चुकलं. पाहा भाऊजी, चुकलं म्हणाले एवढाच वेळ लागते.

मी मागच्या व्हरांड्यात गेलो. स्टोव्ह पेटवला, तुमचा तवा ठेवला. नव्या तेलाचा डबा गाडीच्या डिक्कीत होताच. आधी कोरा थेंब टाकला. पसरला, धूर सोडला, गप. मग शिशीत थोडं तेल घेऊन त्यात जरासं तीर्थ टाकलं आणि हलवलं. तुमचं ते दूध झालं. त्याचा थेंब टाकला. सात दिवस त्या घरात फोडणी नव्हती, सुतकात देत नाहीत, शेजारून वरणभात येत होता. त्यामुळं तडतड घरभर ऐकू गेली असेल. ताई दारात येऊन उभी राहिली.

"पाणी आहे न त्यात?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"कुठून आलं?"

बारा वर्षांत तुमच्या त्या व्हरांड्यात हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला. मी शिशी खाली ठेवली. सात दिवसांआधी तिचा नवरा गेला होता. पळी कठड्यावर होती. ताईनं तव्याकडं पाहिलं, शिशीकडं पाहिलं, पळीकडं पाहिलं. तिले गिअर समजत नाहीत, पण तुमच्यासंगं तीस वर्षं काढली आहेत. ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "म्हणजे मीच ताम्हन धरून उभी होती."

मी म्हटलं, तुझं काही नाही ताई त्यात.

"आणि ते खिशातलं वायसर?"

"खिशातलं नव्हतं."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी जेवताना म्हणाले होते. पोट्टा खोटं नाही बोलत, काठालेच चिकटलं असेल, माझ्या तोंडातून निघून गेलं. मी म्हटलं, मग उद्या सगळ्यांले सांगा. सांगतो म्हणाले."

सांगतो म्हणाले.

भाऊजी, आतापर्यंत मी समजत होतो की तुम्हाले खरंच तसं वाटलं. हट्टी माणूस आहे, त्याचा समज झाला, त्याले काय करणार, अशी मी माझी समजूत काढत होतो. तुमच्या तिरडीले खांदा देतानाही तीच काढली. आणि तुम्हाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरी, ताटावर, बायकोसमोर तुम्ही माझ्या बाजूचे. शेडमध्ये आठ माणसांसमोर नाही. उस्ताद चुकला असं आठ जणांले कळलं असतं तर काय झालं असतं? एक दिवस हसले असते. तो एक दिवस वाचवाले तुम्ही माझे सातशे घेतले.

पूजेनंतर दूध होते हे तुम्हाले समजलं होतं, नाही तर जाता जाता तेल बदलाले सांगतलं नसतं. पळीचंही समजलं होतं का? ताई म्हणते, नसेल, देवाच्या पाण्यावर ते कसे संशय घेतील. मले वाटते, समजलं होतं. मिलमध्ये उभी हयात तेल पाहिलेला माणूस तुम्ही. पण पळी सोडली तर बाबांची रीत मोडते, आणि सांगतलं तर वायसरचं सगळंच सांगाले लागते. त्यापेक्षा दरवर्षी लेगचं तेल ओतून द्याचं आणि डब्यावर पोतं टाकाचं, हे सोपं. मले रडू आलेलं तुम्ही दारातून पाहिलं होतं, भाऊजी. तरी तेच सोपं वाटलं.

राग ताईवरही आला. दोन वर्षं तीही गप्पच होती. मी तसं म्हणालो नाही, पळी आणि पंचपात्र पिशवीत टाकून निघून आलो. पण तिनं दुसऱ्या दिवशी काय केलं ते ऐका.

पूजा मांडली होती. सगळे जमले, साहेब आले. तेवढ्यात एक ऑटो फाटकाबाहेर येऊन थांबला आणि ताई उतरली. आठवा दिवस होता. दिवस झाल्याबिगर ती कधी शेजारीही जात नाही, तुम्हाले माहीत आहे. पूजेवर सुतकाची सावली नको म्हणून ती आत आली नाही, फाटकाबाहेर त्या रुंद रिकाम्या सडकेवर डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. तिथूनच साहेबांले हाक मारली. सगळेच फाटकाकडं गेले. तिची हिंदी कशी आहे ते मी सांगाले नको. ती म्हणाली, "वायसर इसने लगाया था। पानी हमारे हाथ से गया, पूजा में। उनको मालूम था कि लड़का झूठा नहीं है, पर वो बोल नहीं पाए। इसलिए मैं आई।"

एवढंच बोलली. ती परत ऑटोत बसली आणि गेली.

साहेबांनी बाटली दाखवाले सांगतलं. मी इंजिनावरचं झाकण उचललं आणि दाखवली. मग अकरा पळ्या सोडल्या, बंद टोपणावर, खाली ताम्हन धरून, अकरा नावं घेऊन. एक थेंब आत गेला नाही. तुमच्या बाबांची रीत मी मोडली नाही, हेही लक्षात ठेवा. मागं ईश्वर नारळ घेऊन उभा होता. नारळ दरवर्षी तुम्ही फोडाचे. त्यानं तो माझ्यासमोर धरला. "भैया," तो म्हणाला, "नारियल आप फोड़िए।" नुसतं भैया म्हणाला. मी नारळ बोटीपासून चार हात दूर नेऊन फोडला.

दुपारी साहेबांनी तीन नंबरची चाबी दिली. काल तलावाले दहा फेऱ्या मारून मी तिच्या लेगमधलं तेल काढलं. तवा ताईकडून मागून शेडमध्ये आणला आहे. थेंब टाकला, गपचूप पसरला.

हे मंडळाच्या अंकात छापणार नाहीत, छापूही नये. तेराव्याले मी येईन. वाढाले उभा राहीन, पंगती उठवीन, तुमच्या फोटोचा हार सरळ करीन, ताईले सगळं सुरळीत झालेलं दिसलं पाहिजे. पण जे वाक्य तुमचं होतं ते तिले सुतकात सडकेवर उभं राहून म्हणाले लागलं. ते मी तुम्हाले माफ केलं नाही. पुढचं माहीत नाही, आज तरी नाही.

घाटावरून मी सरळ इथं शेडमध्ये आलो. आज सोमवार आहे, तलाव बंद. तिकिटाची खिडकी बंद आहे, जॅकेटचं काउंटर रिकामं आहे, साहेब नाहीत, ईश्वर नाही. तुम्ही बसाचे त्या स्टुलासमोर मी बसलो आहे. तुम्हाले चारचौघांत जमत नव्हतं न, भाऊजी? आता कोणी नाही. म्हणा.